आल्बुकर्कीहून दादाला: लाल की हिरवी?

आल्बुकर्की, न्यू मेक्सिको
५ सप्टेंबर

ती. दादास आणि सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा, नाष्टा सेंटरमध्ये संध्याकाळच्या वेळी इथल्यासारखे अमेरिकन-मेक्सिकन पदार्थ ठेवायचे म्हणतोस आणि काय काय सामान भरू असं विचारलंस. सामानाच्या आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती ध्यानात आली नाही तर भरलेलं सामान फुकट जाईल. आपल्याकडे मिरची मसाल्यात मोडते. चमचाभर, फार तर मूठभर. इथे न्यू मेक्सिकोत ती भाजीच्या जागी असते. रश्शाला कांदा-खोबऱ्याचं वाटण नाही, टोमॅटो नाही. अख्खा रस्साच मिरचीचा, आणि एका ताटलीवर पाऊण वाटी तो ओततात. म्हणून तिखटाची मिरची इथे चालत नाही, गराची मिरची लागते. बाटलीतला सॉस, नाचोचं पाकीट आणि भरमसाट चीज यावर दुकान चालेल, पण तो पदार्थ हा नव्हे. बीन्स, मिरचीचा रस्सा आणि टॉर्टिया (मक्याची किंवा मैद्याची पातळ पोळी) एवढं नीट जमलं की बाकी सगळं त्यांच्याच जुळणीवर उभं राहतं, आणि तिन्हींचा माल कोल्हापुरात मिळतो.

वहिनींसाठी थोडं. डायनर म्हणजे पहाटे उघडणारं, बरेचदा दुपारी दोन-तीनला बंद होणारं वस्तीतलं हॉटेल. लांब काउंटर, त्याला लागून स्टुलं, पलीकडे मोठा सपाट तवा. या प्रकाराची सुरुवात १८७२ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात झाली असं धरतात. वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना जेवण विकायचा. आमच्या भागातल्या डायनरमध्ये पॅनकेकच्या शेजारी एन्चिलाडा (मिरचीच्या रश्शातली टॉर्टिया) असतो तो फॅशन म्हणून नव्हे. हा मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोत होता. मका, बीन्स, मिरची इथल्या घरांतली. १८८० मध्ये रेल्वे आली, १९२६ मध्ये रूट ६६ हा महामार्ग निघाला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना अंडी, बटाटा, बर्गर, कॉफी हवी असायची. दोन्ही एकाच तव्यावर आले आणि एकत्रच राहिले. वेटर ऑर्डर घेताना विचारतो, "लाल की हिरवी?" १९९६ पासून हा या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. दोन्ही हव्या असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं.

आता मिरची. न्यू मेक्सिकोची मिरची वीतभर लांब, रुंद खांद्याची, कमी तिखट. लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयातल्या फाबियान गार्सिया यांनी कित्येक वर्षं निवड करत १९२१ मध्ये 'न्यू मेक्सिको नंबर ९' हा वाण दिला. मिरची गुळगुळीत आणि जाड गराची असावी, म्हणजे भाजून साल पटकन निघेल, आणि तिखटपणा बेताचा असावा, ही त्यांची खटपट होती. आज याच राज्यातल्या हॅच गावाच्या खोऱ्यात पिकणारे बरेचसे वाण त्याच वंशातले. तीच मिरची हिरवी तोडली की हिरवा रस्सा, झाडावर लाल होऊन वाळली की लाल रस्सा.

लाल रश्शासाठी तुला ब्याडगी चालेल. रंग भरपूर, तिखट बेताचं, आपण कांदा-लसूण चटणीला घेतो तीच. लक्ष्मीपुरीत घेताना चालू हंगामाची घे. मोडली तर वाकली पाहिजे, कडकन तुटून भुगा झाला तर जुनी. नगावर मोजू नकोस, इथली मिरची आकारानं मोठी असते, वजनावर कर. एक लिटर रश्शाला देठ-बी काढलेली १२० ग्रॅम मिरची. गिऱ्हाईक कोल्हापूरचं आहे, झणझणीत मागेल, तर त्यातली दहा ग्रॅम संकेश्वरी घे. त्याहून जास्त नको, नाहीतर लोक पाऊण वाटी खाणार नाहीत, चमचाभर खाऊन बाजूला सारतील आणि ताटली कोरडी वाटेल.

देठ काढ, उभी फाडून बिया आणि पांढऱ्या शिरा काढ, पाण्यात एकदा खळबळून पुसून घे. मंद तव्यावर एका बाजूला आठ-दहा सेकंद, मग दुसऱ्या बाजूला तेवढेच. वास खमंग यायला लागला की उतरव. इथेच सगळ्यात जास्त घाण होते. मिरचीत साखर असते, ती पटकन जळते, आणि एक जळकी मिरची सगळं पातेलं कडू करते. काळा डाग पडलेली मिरची बाजूला टाक, हळहळू नकोस. भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेव, वर ताटली दाबून ठेव म्हणजे तरंगणार नाहीत. ते पाणी चाखून बघ. कडवट लागलं तर ओतून दे आणि वाटायला ताजं पाणी घे. गोडसर लागलं तर तेच वापर. चार पाकळ्या लसूण आणि दीड चमचा मीठ घालून मिक्सरला अगदी गंधासारखं वाट, मग चाळणीतून दाबून गाळून घे. गाळायचा कंटाळा करू नकोस, सालीचे तुकडे घशाला चिकटतात.

कढईत तीन चमचे तेल, दोन चमचे मैदा, मैदा फिका बदामी होईपर्यंत परत. त्यात गाळलेली मिरची ओत. आधी तो नारिंगी, कच्चा, जरा फेसाळ दिसेल. मंद आचेवर वीस मिनिटं ढवळत राहिलास की फेस बसतो, रंग विटेसारखा गडद होतो आणि कडेनं तेलाचे बारीक मणी दिसायला लागतात. तिथे थांब. चमच्याच्या पाठीवर पातळ साय राहील इतपत दाट हवा. किंचित कडू राहिला तर चिमूटभर गूळ सावरून घेतो, पण जळका कडूपणा गुळानं जात नाही. जिरं घालू नकोस. जिरं घातलं की चव टेक्ससकडे जाते. ओरेगॅनो असेल तर पाव चमचा, नसेल तर अडत नाही. फ्रिजमध्ये चार दिवस राहतो, गोठवलेला दोन-तीन महिने सहज.

हिरव्याचा हंगाम इथे आत्ताच आहे. ऑगस्टच्या मध्यापासून दुकानांच्या आवारात जाळीची मोठी पिंपं गॅसच्या ज्वाळेवर फिरवत पोतीच्या पोती मिरची भाजतात, आणि शहरभर तो वास असतो. लोक वर्षाची मिरची याच दिवसांत भाजून, पिशव्या भरून गोठवतात. तुला भजीची मोठी भावनगरी मिरची घ्यावी लागेल. वांगं भाजतो तशी थेट ज्वाळेवर धर, साल सगळीकडून काळी आणि फुगलेली दिसली पाहिजे, आतला गर मात्र शिजून रबरबीत व्हायला नको. म्हणून आच मोठी आणि वेळ कमी. गरम असतानाच डब्यात घालून झाकण लाव, पंधरा मिनिटांत वाफेनं साल सुटते. साल पाण्याखाली धुऊन काढू नकोस, भाजल्याची सगळी चव मोरीत जाते. बोटांनी ओढ, मधून मधून बोटं पाण्यात बुडव. चारदोन काळे ठिपके राहिले तर राहू देत. तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आधी हाताला तेल चोळ किंवा हातमोजे घाल, आणि डोळ्याला हात लावू नकोस. अर्धा किलो चिरलेल्या मिरचीला एक कांदा, तीन पाकळ्या लसूण, दोन चमचे तेल, दोन चमचे मैदा, अर्धा लिटर पाणी किंवा भाज्यांचं पाणी. कांदा परत, मैदा परत, मिरची आणि पाणी घालून पंचवीस मिनिटं रटरटू दे. वाटायचा नाही, हिरव्यात मिरचीचे तुकडे दाताखाली आले पाहिजेत.

बीन्स. इथे पिंटो वापरतात, फिक्या बदामी रंगावर तपकिरी शिंतोडे असतात. तुझ्याकडे चित्रा राजमा मिळतो, तो त्याच जातकुळीचा. एक किलो निवड (खडे इथेही निघतात), रात्रभर भिजव, पाणी बदल. आल्बुकर्की सुमारे १६०० मीटरवर आहे, म्हणजे अख्खं शहर जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. पाणी इथे ९५ अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात बीन्सला तीन तास सहज लागतात. तुला कुकर आहे, एक शिट्टी मोठ्या आचेवर आणि मग मंद आचेवर वीस मिनिटं पुरतील. दाणा बोटात दाबला की कणी न लागता लोण्यासारखा चिरडला पाहिजे. मिठानं दाणा कडक होतो असं ऐकतोस, ते खरं नाही. मीठ सुरुवातीलाच घाल, चव आतपर्यंत जाते. दाणा कडक ठेवतात ती आंबट वस्तू, जड पाणी आणि जुना माल. टोमॅटो, चिंच, लिंबू शिजण्याआधी घालू नकोस. बोअरचं पाणी असेल तर चिमूटभर खायचा सोडा घाल, जास्त घातलास तर साबणासारखं लागेल. आणि राजमा मंद आचेवर कोमट-कोमट कधीही शिजवू नकोस. कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळून उकळल्यावरच मरतं; अर्धवट शिजलेला राजमा माणसाला उलट्यांनी आडवा करतो.

शिजलेले बीन्स तसेच वाढतात किंवा 'रेफ्रितोस' करतात. नावात 'रे' आहे म्हणून दोनदा तळलेले असं लोक समजतात. मेक्सिकोच्या बोलीत तो 'रे' म्हणजे 'चांगले, भरपूर'. इथे जुन्या पद्धतीनं डुकराची चरबी वापरतात. तू तेल घे आणि त्यात थोडं तूप. एक किलो कच्च्या बीन्सच्या शिजवलेल्या ऐवजाला १०० ते १२० ग्रॅम. कांदा तांबूस परतून घे, बीन्स आणि त्यांचं पाणी थोडं थोडं घालत पावभाजीच्या मॅशरनं रगड. अर्धे दाणे मोडलेले, अर्धे आख्खे असं ठेव. तव्यावरून उतरवताना हवे त्यापेक्षा पातळ दिसले पाहिजेत, कारण दहा मिनिटांत आळतात. घट्ट उतरवलेस तर ताटलीत जाईपर्यंत त्याची लादी होते. मग गरम पाणी घालून सैल करता येतं, पण बीन्सचं राखून ठेवलेलं पाणी असेल तर चव टिकते, म्हणून ते ओतू नकोस.

मोठ्या पातेल्याची एक काळजी. वरण रात्रभर ओट्यावर ठेवलं की आंबतं हे वहिनींना सांगायला नको. इथे तपासणीसाला आकडे दाखवावे लागतात: गरम ठेवायचं ते ५७ अंशांच्या वर, गार ते ५ च्या खाली, आणि निववताना ५७ वरून २१ वर दोन तासांत, तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. दहा लिटरचं पातेलं फ्रिजमध्ये सरळ ठेवलंस तर मध्यभाग सकाळपर्यंत कोमट राहतो आणि नासतो. पसरट परातींत तीन बोटं खोल ओत, परात बर्फाच्या पाण्यात ठेव, ढवळ, मग फ्रिजमध्ये घाल. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात हे इथल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

टॉर्टियाचं सांगतो, कारण वहिनींनी मक्याच्या भाकरीचं पीठ चालेल का असं विचारलं होतं. चालत नाही. आपली मक्याची भाकरी कडेला चिरते, गुंडाळली की मोडते. टॉर्टिया गुंडाळली जाते ती चुन्यामुळे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यानं दाण्याची साल सुटते आणि पीठ चिकटून धरायला लागतं. शिवाय मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ही रीत मेक्सिकोत हजारो वर्षं जुनी. चुना म्हणजे आपला पानाला लावायचा खायचा चुनाच. एक किलो वाळका मका (स्वीट कॉर्न किंवा लाह्यांचा नको), तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम कोरडा चुना. ओला चुना असेल तर साधारण दुप्पट. भांडं स्टीलचंच घे, चुना ॲल्युमिनियमला खातो. पाऊण तास मंद उकळ. दाणा बोटांत चोळला की पिवळट साल निसटली पाहिजे. दाणा तोडला तर मध्ये बारीक पांढरा कच्चा ठिपका दिसला पाहिजे. मग झाकून रात्रभर तसंच. सकाळी दोन-तीन पाण्यांत चोळून धू, आणि इडलीच्या ग्राइंडरवर कमीत कमी पाणी घालून वाट. फार धुतलंस तर सालीबरोबर चिकटपणाही जातो आणि टॉर्टिया पुन्हा चिरते.

पिठाची परीक्षा सोपी. सुपारीएवढी गोळी तळहातावर दाब. कडा चिरल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. तीस-पस्तीस ग्रॅमचा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पुरीच्या प्रेसमध्ये दाब. तापलेल्या तव्यावर पहिली बाजू वीस सेकंद, उलटून जवळजवळ मिनिटभर, पुन्हा उलटून बोटांनी हलकं दाब, फुगली पाहिजे. तव्यावरून काढलेली लगेच वाढायची नाही. फडक्यात एकावर एक रचून दहा मिनिटं ठेव, त्या वाफेनं ती मऊ होते. हा सगळा खटाटोप जड वाटला तर सुरुवातीला मैद्याची टॉर्टिया कर. मेक्सिकोच्या उत्तरेकडची तीच रीत. अर्धा किलो मैदा, ८० ग्रॅम वनस्पती तूप, दहा ग्रॅम मीठ, पाव लिटरहून थोडं जास्त कोमट पाणी, अर्धा तास झाकून ठेव. वहिनींच्या हाताला ती तासाभरात बसेल. आमच्या डायनरमध्ये मक्याच्या टॉर्टिया रोज सकाळी गावातल्याच टॉर्टियाच्या कारखान्यातून गरम येतात, तेव्हा विकत घेण्यात कमीपणा नाही.

न्यू मेक्सिकोचा एन्चिलाडा गुंडाळलेला नसतो, थरांचा असतो. मक्याच्या तीन टॉर्टिया, मध्ये चीज, कांदा आणि लाल रस्सा, सगळ्यांवर एक अंडं. त्यातली कळीची गोष्ट गिऱ्हाइकाला दिसतसुद्धा नाही: रश्शात जाण्याआधी प्रत्येक टॉर्टिया गरम तेलात एका बाजूला पाच-सहा सेकंद, दुसऱ्या बाजूला तेवढेच बुडवतात. कडेला बारीक बुडबुडे आले की चिमट्यानं उचलून निथळतात. ती कुरकुरीत होता कामा नये, वाकलीच पाहिजे. पण तेलाचा पातळ थर बसल्यामुळे रस्सा आत मुरायला वेळ लागतो. हे टाळलं की पाच मिनिटांत ताटलीत लापशी. तेल गार असलं तर टॉर्टिया तेल पिते, फार तापलं तर पापड होतो. १७५ अंशांच्या आसपास ठेव. वर अंडं 'ओव्हर ईझी' घाल: पांढरा भाग बसला की अलगद उलटायचं, पंधरा सेकंदांत उतरवायचं, बलक वाहता राहिला पाहिजे. बलक रश्शात मिसळतो आणि तिखटाची धार मऊ करतो. चीज अर्धं मोझरेला, अर्धं प्रोसेस्ड घे. प्रोसेस्डमध्ये तेल आणि पाणी धरून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते वितळताना तेल सोडत नाही.

आता तवा. इथला तवा दोन सेंटिमीटर जाडीच्या पोलादाचा, खाली ओळीनं बर्नर, प्रत्येकाची चावी वेगळी. एका टोकाला अंडी, १४० अंश. मधे पॅनकेक, १९०. दुसऱ्या टोकाला बटाटा आणि मांस. तुझ्या डोशाच्या तव्याखाली एकच मोठी चूल आहे, मध्य तापतो आणि कडा निवांत असतात. तेच वापर: बटाटा मध्यावर, अंडी कडेला. अंड्याच्या जागेवर लोणी टाकलं की फेसाळलं पाहिजे, तपकिरी होता कामा नये. तपमान बघायची बंदुकीसारखी यंत्रं स्वस्त मिळतात, एक घेऊन ठेव, पोराला शिकवायला सोपं जातं.

हॅशब्राउनवर, म्हणजे तव्यावर कुरकुरीत केलेल्या किसलेल्या बटाट्यावर, जरा जास्त लिहितो, कारण डायनरची परीक्षा लोक त्यावरच घेतात आणि ते बिघडतंही तेवढंच. वरून तांबूस कुरकुरीत, आतून मऊ, चिकट नाही. बटाटे सालासकट अर्धवट उकड. सुरी शिरावी पण शेवटी जरा अडावी. रात्रभर फ्रिजमध्ये गार कर. गार झाल्यावर आतला पिठूळपणा आवळतो आणि किसताना लगदा होत नाही. मोठ्या भोकांच्या किसणीवर कीस, मीठ आत्ता घालू नकोस, पाणी सुटतं. १९० अंशांच्या तव्यावर सढळ तेल, त्यावर बोटभर जाडीचा थर, हलकं दाब, आणि मग हात लावू नकोस. सहा मिनिटं. नवा पोरगा दर मिनिटाला खरवडत बसतो, आणि त्याचा होतो उपमा. कडा तपकिरी होऊन थर आपोआप तव्यावरून सुटला की एकदाच उलट. कच्चा बटाटा किसून करणार असशील तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धू आणि फडक्यात पिळून कोरडा कर. बटाटा गोड लागत असेल आणि आत कच्चा असतानाच वरून काळपट होत असेल, तर तो शीतगृहात फार गार ठेवलेला आहे, पिठाची साखर झाली आहे. वेफर्सवाले असा माल परत करतात. कच्चे बटाटे तूही फ्रिजमध्ये ठेवू नकोस. उकडल्यावर खुशाल ठेव.

ब्रेकफास्ट बुरिटो हा तुझ्याकडे सगळ्यात आधी चालेल, हातात धरून खाता येतो. दहा इंची मैद्याची टॉर्टिया, दोन अंड्यांची मऊ भुर्जी (कांदा-टोमॅटोशिवाय), १०० ग्रॅम हॅशब्राउन, ४० ग्रॅम चीज, तीन चमचे हिरवी मिरची. मिरची निथळून घाल, नाहीतर दुसऱ्या घासाला तळ फुटतो. टॉर्टिया तव्यावर दहा सेकंद गरम करूनच भर. गार टॉर्टिया घडीवर फाटते. चीज तळाला टाक, ते वितळून बाकीचं बांधून ठेवतं. दोन बाजू आत घे, खालची कड आवळून गुंडाळ, आणि जोडाची बाजू तव्यावर अर्धं मिनिट दाबून ठेव, चिकटते. अंडं न खाणाऱ्यांना त्याच मापात रेफ्रितोस दे.

ऑर्डर आल्यावर क्रम चुकू नये. बटाटा पहिला, त्याला सहा मिनिटं लागतात. मग मांस असेल तर ते, मग टॉर्टिया, रस्सा ताटलीत, आणि अंडं सगळ्यात शेवटी, कारण शिजलेलं अंडं कुणासाठी थांबत नाही. ताटली गरम हवी; गार ताटलीवर चीज गोठतं. बर्गरचं मांस आतून ६८ अंशांवर गेलं पाहिजे, कोंबडी ७४ वर. भाजलेली हिरवी मिरची घातलेला चीजबर्गर ही या राज्याची खूण आहे. तुझ्याकडे कोंबडीच्या खिम्याचा करता येईल, पण खिमा मळू नकोस, नुसता गोळा करून दाब. मळला की रबर होतो.

वहिनींना सोपापिया आवडेल. आपल्या पुरीची मावशीच. दोन वाट्या मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा तूप, पाऊण वाटीच्या आसपास कोमट पाणी. अर्धा तास झाकून ठेवा, पुरीपेक्षा जाड लाटा, चौकोन कापा. तेल १९० अंश. चौकोन सोडला की झाऱ्यानं त्यावर तेल उडवत राहायचं, म्हणजे उशीसारखा फुगतो. कापलेले तुकडे पुन्हा गोळा करून लाटलेत तर ते फुगत नाहीत, ते वेगळे ठेवा. कोपरा फोडून आत मध ओततात आणि तिखट जेवणाच्या सोबतीलाच खातात, जेवण संपायची वाट बघत नाहीत.

आई-बाबा पुढच्या उन्हाळ्यात इकडे येतील तेव्हा त्यांना हे आधी सांगून ठेव: मेन्यूवर बीन्स आणि भात दिसला म्हणजे शाकाहारी असं धरायचं नाही. बीन्समध्ये डुकराची चरबी, भातात कोंबडीचं पाणी, मैद्याच्या टॉर्टियात चरबी, हिरव्या रश्शात बहुधा डुकराचं मांस. "मीट आहे का" असं विचारलं तर "नाही" असं प्रामाणिक उत्तर येतं, कारण चरबीला आणि सूपच्या पाण्याला ते मीट म्हणत नाहीत. "लार्ड आहे का, चिकन ब्रॉथ आहे का" असं नाव घेऊन विचारायचं. मक्याच्या टॉर्टियात बहुतेक ठिकाणी मका, चुना, पाणी एवढंच असतं, पण ती ज्या तेलात बुडवतात त्याचीही चौकशी करायची.

दादा, पहिल्या महिन्यात चार पदार्थांच्या वर जाऊ नकोस: बुरिटो, बीन्सची वाटी टॉर्टियासोबत, थरांचा एन्चिलाडा, सोपापिया. या चारही पदार्थांना मिळून लागतं ते दोन रस्से, एक पातेलं बीन्स, उकडलेला बटाटा आणि दोन पिठं. आधी फक्त १२० ग्रॅम ब्याडगीचा लाल रस्सा करून बघ आणि मला तीन गोष्टी कळव: भिजवलेलं पाणी कडू होतं की गोड, गाळल्यावर किती मिली भरलं, आणि वीस मिनिटांनी कडेला तेल दिसलं का. त्यावरून मैद्याचं आणि मिरचीचं माप तुझ्या मालाप्रमाणे बसवून पाठवतो.

आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. छोट्यांना गोड पापा.

कळावे, लोभ असावा.
तुझा,
धाकटा